सावलीचा रंग

इमारत उभी राहायच्या आधी ती कशी दिसेल ते रंगवून दाखवणं, हा सकाळरावांचा धंदा. नकाशात रेघा असतात, मापं असतात, आणि ती बघून गिऱ्हाईक शहाण्यासारखी मान डोलावतं. पण त्याला कळत काडीचंही नाही. त्याला चित्र लागतं. दार इथे, खिडकी तिथे, खिडकीशी खुर्ची, खुर्चीत कुणीतरी पेपर वाचत बसलेलं. ऑफिसात त्या चित्राला 'व्ह्यू' म्हणत, आणि व्ह्यू काढावा तर सकाळरावांनीच, याबद्दल साहेबांपासून शिपायापर्यंत कुणाचं दुमत नव्हतं.

सकाळराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं होतं. हे नाव पडलं त्यांच्या चित्रांवरून. दवाखाना असो, कचेरी असो, मोटारी ठेवायचं तळघर असो, त्यांच्या चित्रात सदा सकाळ असे. डावीकडच्या खिडकीतून ऊन तिरपं आत यायचं, फरशीवर त्याचा लख्ख चौकोन पडायचा, आणि खुर्चीचे पाय लांबच लांब जांभळ्या सावल्या टाकायचे. तळघराला खिडकी नसते, असं एकदा कुणीतरी भीतभीत सुचवून पाहिलं. सकाळरावांनी शांतपणे जिन्याच्या दारातून ऊन आत घेतलं. तेव्हापासून नाव पक्कं झालं, आणि त्यांनीही ते मनाला लावून घेतलं नाही. माणसाला याहून वाईट नावं पडतात.

याला कारण होता जुन्या नकाशावाल्यांचा एक दंडक. चित्रात उजेड कुठून यायचा याचा घोळ नको, म्हणून सगळ्यांनी ठरवून टाकलेलं असतं: डाव्या खांद्यावरून, तिरपा. सकाळराव उमेदवारीत असताना हेच त्यांच्या हातात बसलं आणि पुढे तोच हात झाला. खोलीचं तोंड कुठल्या दिशेला आहे हे नकाशावर बाण काढून दाखवलेलं असतं. त्या बाणाकडे त्यांनी आयुष्यात कधी ढुंकून पाहिलं नाही.

पण हात मात्र असा होता की बघत राहावं. पेन्सिलीच्या चार रेघा मारायच्या, कागद ओला करायचा, आणि एकदा रंग लावायला घेतला की मागे वळून बघायचं नाही. ऊन ते कधी रंगवत नसत. ऊन म्हणजे कोरा सोडलेला कागद. पांढऱ्या रंगाची बाटली त्यांच्या टेबलावर तुम्हाला सापडली नसती. उजेड दाखवायचा तर सावली नीट घालायची, एवढाच त्यांचा मंत्र, आणि सावलीसाठी ते काळ्याला हात लावत नसत. पिवळ्या भिंतीची सावली जांभळट, तांबड्या कौलाची हिरवट. जवळून बघितलं तर नुसते फराटे आणि ओघळ. चार पावलं मागे सरकलं की त्या खोलीत जाऊन बसावंसं वाटे. ऑफिसातली पोरं कॉम्प्युटरवर तीच खोली अगदी टाइल्सच्या सांध्यासकट काढत, आणि गिऱ्हाईक ती बघून म्हणे, छान आहे, पण ते रंगवलेलं दाखवा ना.

या हाताची एक फजिती ऑफिसात फार प्रसिद्ध होती, आणि ती सकाळराव स्वतःच रंगवून सांगत. शेजारीशेजारी दोन इमारतींचं एक मोठं काम होतं. त्यांनी बाहेरचा व्ह्यू काढला. दोन्ही इमारती सायीच्या रंगाच्या. मागच्या इमारतीची एक बाजू चित्रात सावलीत होती, म्हणून तिच्यावर त्यांनी पिस्त्यासारख्या हिरव्या रंगाचा पातळ हात फिरवला. पुढचं ऊन त्यामुळे काय खुललं होतं! पुढे कामावरचा मुकादम ते चित्र घेऊन रंगाच्या दुकानात गेला, सावलीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, हा रंग द्या. मुकादम मोठा कामसू माणूस. अख्खी भिंत, खालपासून वरपर्यंत, त्यानं सावलीच्या रंगानं रंगवून काढली. साहेब बघायला गेले तेव्हा परांच्या उतरलेल्या होत्या आणि भिंत उन्हात हिरवीगार झगमगत होती. आता पुन्हा कोण परांच्या बांधणार? साहेब म्हणाले, राहू दे, वेगळं दिसतंय. सकाळराव हा किस्सा सांगताना मुकादमाचा आवाज काढत आणि ऐकणारे पोट धरधरून हसत.

त्या दोन इमारतींपैकी पुढच्या इमारतीत त्यांच्या आक्काला खोली मिळाली.

आक्का म्हणजे मोठी बहीण. आई लवकर गेली, आणि वडील घरात असून नसल्यासारखे, तेव्हा सकाळरावांचं जेवणखाण, शाळा, ताप, पहिली रंगपेटी हे सगळं आक्कानंच पाहिलं. तिनं लग्न केलं नाही. का केलं नाही हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. तिचा हात रफूचा. लाँड्रीवाले, शिंपी, सुटाबुटातले साहेब लोक, सगळ्यांचे फाटलेले, कसर लागलेले, सिगारेटनं जळलेले कपडे तिच्याकडे येत. ती कापडाच्याच आतल्या शिवणीतून धागा ओढून काढी. तो पुरला नाही तर आपल्या पेटीतून जुळता दोरा शोधी आणि एकेक तार विणून भोक असं बुजवी की मालकाला कोट उलटा करून शोधावं लागे. दोरा जुळवणं हेच यातलं खरं काम, विणणं काय कुणीही शिकेल, असं ती म्हणे. तिच्या पेटीत नुसत्या राखाडी रंगाचेच इतके दोरे होते की सकाळरावांनाही त्यांच्यातला फरक सांगताना घाम फुटला असता. साठी उलटून कितीतरी वर्षं झाली तरी ती आपल्या भाड्याच्या खोलीत आपल्या कमाईवर राहत होती. भावानं घरी चल म्हटलं की म्हणे, हातपाय धड आहेत तोवर नाही.

आक्काची जुनी गल्ली पाडून तिथेच या इमारती उभ्या राहणार होत्या, आणि जुन्या भाडेकरूंना बदल्यात खोल्या मिळणार होत्या. तिला दोनांतली एक निवडायची होती: एक तळमजल्यावर मागच्या बाजूला, दुसरी तिसऱ्या मजल्यावर पुढे. तेव्हा तिथे नुसते खांब उभे होते. आक्का म्हणाली, तू चित्रं काढ, मी बघून सांगते. सकाळरावांनी एका बैठकीत दोन्ही काढली. तळमजल्याच्या खोलीत खिडकीशी आक्काची खुर्ची, मांडीवर तांबडं कापड, आणि डावीकडून आलेलं ऊन थेट तिच्या हातांवर. आक्कानं ते चित्र बराच वेळ न्याहाळलं आणि म्हणाली, खालची घेते.

नकाशावर बाण होता. त्या खिडकीचं तोंड उत्तरेला होतं, आणि समोर, पंधरा-वीस हातांवर, मागच्या इमारतीची ती प्रसिद्ध बाजू होती.

आक्का राहायला गेली आणि पहिले काही आठवडे सगळं ठीक चाललं. खोली कोंदट नव्हती. ऊन आत येत नव्हतं खरं, पण दिवसभर समोरच्या भिंतीवर ते पडे आणि तिथून उजेड आत येई, तोही भरपूर. अंधारी खोली असती तर कुणाच्याही लक्षात आलं असतं. मग एक दिवस लाँड्रीवाला एक करडा कोट परत घेऊन आला. चेहरा पाडून तो म्हणाला की आक्का, राग मानू नका, पण हे बघा. त्यानं कोट व्हरांड्यात नेऊन धरला. खिशाजवळच्या रफूची जागा लालसर दिसत होती, कपड्यावर चहा सांडल्यासारखी. आक्कानं माफी मागून कोट ठेवून घेतला. तिच्या उभ्या आयुष्यात काम परत आलं नव्हतं.

पुढच्या काही दिवसांत एक स्वेटर परत आला, मग एका नवऱ्या मुलाचा सूट. आक्का आत बसून दोरा निवडी, जुळतो अशी खात्री करी, दोनदा करी. आणि बाहेर नेऊन बघितलं की रंग वेगळाच. तिनं डोळ्यांचा डॉक्टर गाठला. त्यानं बॅटरी मारून तपासलं आणि वयाप्रमाणे मोतीबिंदूची सुरुवात आहे म्हणाला, अजून घाईचं काही नाही. डॉक्टरनं 'घाईचं नाही' यावर जोर दिला होता. आक्कानं 'सुरुवात आहे' एवढंच घरी आणलं. हिशेब सरळ होता. बाहेर लख्ख असतं म्हणून दिसतं, आत नीट दिसत नाही, म्हणजे डोळे चालले. तिनं नवी कामं घेणं बंद केलं. सुया आणि दोऱ्यांची पेटी शेजारणीच्या सुनेला देऊन टाकली, तिला शिवणाची आवड होती म्हणून. आणि भावाला निरोप पाठवला की तुझ्याकडे यायचं म्हणते.

सकाळरावांना आधी आनंदच झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. वीस वर्षं ज्या गोष्टीसाठी ते तिच्या पाया पडत होते ती आपण होऊन घडत होती. दुपारीच ऑफिसातून सुटून ते तिच्याकडे गेले. काखेत कोऱ्या कागदांचा गठ्ठा होता, दुकानातून नुकताच घेतलेला. आक्का पाणी आणायला उठली आणि त्यांनी गठ्ठा पलंगावर टाकला. वरचा कागद सुटून उलगडला.

कागद पिस्त्याच्या रंगाचा होता.

त्यांना वाटलं दुकानदारानं चुकीचा माल दिला. कागद उचलून ते दाराशी गेले. दाराशी तो पांढरा होता. पुन्हा आत आणला, पुन्हा हिरवा. मग त्यांनी खिडकीतून समोर बघितलं. दुपारचं ऊन भिंतीवर तापलेलं होतं आणि ती सबंध भिंत आपला रंग खिडकीतून आत ओतत होती: पलंगावर, भांड्यांवर, आक्काच्या पांढऱ्या केसांवर. लाल छटेचा दोरा या उजेडात करडाच दिसणार होता. तासन्‌तास आत बसलेल्या माणसाला त्यात काहीच वावगं वाटणार नव्हतं. डोळे सवयीनं त्यालाच पांढरं म्हणू लागतात. पाचच मिनिटांत त्यांनाही कागद पांढरा दिसायला लागला.

आक्का पाण्याचा तांब्या घेऊन आली. सामान कधी हलवायचं ते विचारू लागली. सकाळरावांनी तेव्हाच सांगायचं. त्यांनी सांगितलं नाही. ते म्हणाले, बघू, सावकाश हलवू, आणि पाणी पिऊन निघाले.

त्यांनी का सांगितलं नाही याची उत्तरं त्यांच्याजवळ बरीच होती, आणि एकही धड नव्हतं. माझ्या चित्रातल्या उन्हाला भुलून तू ही खोली घेतलीस, आणि माझ्याच सावलीनं तुझं काम बुडवलं, हे बहिणीला कुठल्या तोंडानं सांगायचं? त्यातून ती घरी येते आहे. कशीही का होईना, येते आहे. शिवाय तिचं वय झालंच आहे; आज ना उद्या सुई ठेवावीच लागली असती. असे दिवस जात राहिले आणि सकाळराव मूग गिळून बसले. ऑफिसात मुकादमाचा किस्सा सांगा म्हणून कुणी गळ घातली, तेव्हा त्यांनी घसा बसल्याचं निमित्त केलं.

बायकोपासून मात्र काही लपत नसतं. तिनं चार दिवस बघितलं आणि पाचव्या दिवशी जेवताना सरळ विचारलं. सकाळरावांनी सगळं ओकून टाकलं. तिनं ताट बाजूला सारलं.

"अहो, त्या इथे आल्या तर मला सोबतच होईल. पण धडधाकट माणसाला आंधळं म्हणून घरात आणायचं? तुम्ही सांगता की मी सांगू?"

मीच सांगतो, असं सकाळराव म्हणाले.

सुट्टीच्या दिवशी ते आक्काकडे गेले. वाटेत त्यांनी वाक्यं जुळवली होती, ती दारातच सांडली. ते म्हणाले की तुझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही, उजेडातच खोट आहे, समोरची भिंत बघ. आक्का भांडी कागदात गुंडाळत होती. तिनं हात न थांबवता ऐकून घेतलं आणि हसली. ते हसू त्यांच्या ओळखीचं होतं. लहानपणी ते पडून आल्यावर 'लागलं नाही' म्हणत, तेव्हा ती असंच हसायची.

"मला बरं वाटावं म्हणून बोलतोस. तुझं नेहमीचंच आहे रे. तळघरात ऊन घालणारा माणूस तू, तुझं काय खरं धरायचं?"

त्यांनी शपथ घेतली. ती म्हणाली, शपथ कशाला. त्यांनी तिचा हात धरून तिला दाराशी नेलं, कागद आत-बाहेर करून दाखवला. आक्का म्हणाली, बाहेर सगळंच छान दिसतं मला, आत मंद दिसतं, डॉक्टरही तेच म्हणाला. तिनं एकदा मनाशी ठरवलं की ते दगडावरची रेघ. ती पुन्हा भांड्यांकडे वळली.

सकाळरावांना बोलणं कधी फारसं जमलं नव्हतं. त्यांना एकच गोष्ट येत होती. रंगपेटी नेहमी पिशवीत असे. त्यांनी खोलीच्या कोपऱ्यात स्टूल मांडलं, गुडघ्यावर कागदाची फळी घेतली आणि म्हणाले, आक्का, अशीच काम करत राहा, मी तुझी खोली काढतो. जशी आहे तशी.

पेन्सिलीच्या रेघा पडल्या. हात डावीकडे ऊन सोडायला निघाला, त्याला त्यांनी आवरलं. उजेड उजवीकडच्या खिडकीतून येत होता, तसाच घेतला. पलंगावरची पांढरी चादर, गुंडाळलेली भांडी, आक्काची पाठ. जे दिसतं ते आणि तेवढंच, अशी जपमाळ ओढत ते रंगवत राहिले. तासाभरानं त्यांना चित्र बरोबर वाटलं. शेजारी धरून पाहिलं, चादरीशी चादर जुळत होती. ते घेऊन दोघं व्हरांड्यात आली.

चित्रात हिरव्याचा मागमूस नव्हता. पांढरी स्वच्छ चादर, प्रसन्न खोली, कुणालाही राहायला जावंसं वाटावं अशी.

"आली तुझी सकाळ," आक्का म्हणाली. तिनं कुत्सितपणे म्हटलं नव्हतं. ती आत गेली.

सकाळराव चित्राकडे बघत उभे राहिले. त्यांनी लबाडी केली नव्हती, हे त्यांना नक्की ठाऊक होतं. मग हिरवा रंग गेला कुठे? उत्तर सुचायला जरा वेळ लागला, आणि सुचलं तेव्हा ते पायरीवर बसले. आत बसून काढलं, म्हणून. चादर हिरवी दिसत होती, तर तिच्याशेजारी कागदही तितकाच हिरवा दिसत होता. दोन्ही जुळले, झालं. आक्का आत बसून दोरा जुळवत होती आणि बाहेर तो निराळा निघत होता, अगदी तसंच. जन्मभर रंगात हात घातलेला माणूस, सगळं माहीत असून, तासाभरात फसला होता. तिचा काय दोष?

त्यांनी स्टूल उचललं आणि उंबऱ्याबाहेर, व्हरांड्यात मांडलं. आता कागदावर मोकळ्या आभाळाचा उजेड होता आणि डोळ्यांसमोर, दाराच्या चौकटीत, ती खोली. नजर आत टाकायची, रंग बाहेर कालवायचा. आणि आता ती दिसली. सबंध खोली तळ्यात बुडाल्यासारखी हिरवी होती. छत हिरवं, चादर हिरवी, आणि चादरीच्या घड्यांमध्ये, जिथे खिडकीचा उजेड पोचत नव्हता, तिथे गंमत म्हणजे फिकी गुलाबी छटा. इतकी वर्षं ते सावल्यांचे रंग मनानं घालत आले होते. ही सावली मात्र त्यांना कुणी सांगितली नव्हती, ती समोर होती.

त्यांनी कागद ओला केला आणि पातळ हिरवा हात सगळीकडे फिरवला. फक्त एक जागा सोडली. दारातून बाहेरचा उजेड फरशीवर एक पट्टा टाकत होता, अरुंदच, उंबऱ्यापासून पलंगाच्या पायापर्यंत. तेवढा कागद त्यांनी कोरा ठेवला. तो नसता तर बघणाऱ्यानं पुन्हा हिरव्यालाच पांढरं समजून घेतलं असतं. शेजारी खरा पांढरा आला आणि खोली चित्रात जागच्या जागी बसली. आक्काचे केस हिरवट, गाल आजाऱ्यासारखा. त्यांचा हात क्षणभर अडला. बहिणीला असं कुणी रंगवतं का? तरी त्यांनी रंगवलं.

चित्र वाळायच्या आधीच त्यांनी हाक मारली. आक्का पदराला हात पुसत बाहेर आली. तिनं चित्र हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं. मग वळून दारातून खोलीकडे बघितलं. पुन्हा चित्राकडे.

"हा हिरवा तू मनानं घातलास?"

"दिसला म्हणून घातला."

"तुलाही दिसतो?"

"दिसतो, आक्का. इथून बघणाऱ्या कुणालाही दिसेल."

ती आत गेली, खुंटीवरचा तो करडा कोट घेऊन आली आणि दारातून पडलेल्या उजेडाच्या पट्ट्यात खाली बसली. खिशाजवळची जागा तिनं पट्ट्यात धरली. लाल. मग हातभर बाजूला सरकवली. करडी. पुन्हा पट्ट्यात. असं तिनं कितीदा केलं कोण जाणे. सकाळराव तिच्या तोंडाकडे बघत होते. त्यांना वाटलं होतं ती हसेल, निदान सुस्कारा तरी टाकेल.

त्यांनी मग उरलेलंही सांगून टाकलं. ती भिंत सायीच्या रंगाची असायची होती, तो हिरवा रंग म्हणजे आपल्या चित्रातली सावली, आणि तुझ्या खुर्चीवर जे ऊन काढलं होतं ते या खिडकीत कधी येणारच नव्हतं. आक्कानं हात झटकला. त्या उन्हाचं काही नाही, म्हणाली. तुझ्या चित्रातलं ऊन खरं मानायला मी काय तुझं गिऱ्हाईक आहे? तिसरा मजला गुडघ्यांना झेपला नसता म्हणून खालची घेतली. आणि रफूला ऊन नकोच असतं, डोळ्यांवर येतं. भिंत काय, मुकादमानं रंगवली.

सकाळरावांचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात तिनं विचारलं, "तुला हे कधी कळलं?"

थाप मारायची तर हीच वेळ होती, आणि ती पचलीही असती. सकाळराव म्हणाले, "तू यायचं म्हणालीस, त्या दिवशी. कागद आणले होते ना मी."

आक्कानं कोट मांडीवर ठेवला. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर सकाळरावांना तो सोसला असता.

"तेव्हापासून मी रोज डोळे मिटून चहा करते. पुढे करावा लागेल म्हणून. काडेपेटी कुठे, साखर कुठे, किती पावलांवर भिंत. परवा हातावर पाणी सांडलं उकळतं. म्हटलं, येईल सवय."

तिनं मनगट उलटं करून दाखवलं. कातडी तांबडी होऊन सोलवटली होती.

सकाळरावांना रडू कोसळलं. साठीला टेकलेला माणूस व्हरांड्यात स्टुलावर बसून हमसून हमसून रडला, आणि येणाऱ्याजाणाऱ्यांनी बघितलं त्याची त्याला शुद्ध नव्हती. आक्कानं त्याला रडू दिलं. जवळ घेतलं नाही, डोळे पुस म्हणाली नाही. बऱ्याच वेळानं ती भिंतीचा आधार घेत उठली, कोट खांद्यावर टाकला आणि शेजारचं दार वाजवलं. सुनेनं दार उघडल्यावर तिला म्हणाली की पोरी, तुला दिलेली पेटी परत मागते आहे, मला लाज वाटते, पण मला ती हवी आहे.

पेटी घेऊन ती परत आली आणि भावाला म्हणाली, ऊठ, मला ते स्टूल लागेल. सकाळराव उठले. तिनं स्टूल उजेडाकडे वळवून घेतलं, पेटी उघडली आणि लालसर टाके एकेक करून उसवायला घेतले.